लिनक्सवर घरचा टीव्ही रेकॉर्डर: सगळं जमलं, फक्त शेवट गायब होतो

रिमोट कुठेय (धागाकर्ता), सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, तीन आठवडे झाले, घरात आमचा उल्लेख 'तो आणि त्याचा डबा' असा होतोय. डबा म्हणजे अडगळीतून काढलेला जुना डेस्कटॉप. दोन कोअरचा प्रोसेसर, ४ जीबी मेमरी, ५०० जीबीची हार्ड डिस्क. त्यावर डेबियन टाकलं, दोन ट्यूनरवाली यूएसबी काडी लावली, छतावरच्या अँटेनाची वायर काडीत खोचली आणि टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बसवलं. टीव्हीला कोडी हा व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम चालवणारं छोटं यंत्र आहे, ते डब्याशी वायरने जोडलंय. वाहिन्या सगळ्या हवेतून फुकट येणाऱ्या, काही डीव्हीबी-टी या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीवर, काही तिच्या नव्या टी-२ आवृत्तीवर.

बसवताना फार घाम निघाला नाही. ब्राउझरमध्ये ९९८१ पोर्ट उघडलं, शोध सुरू केला. नेटवर्क, मक्स, सर्व्हिस, चॅनल अशा चार पायऱ्या कशाला लागतात ते अजून कळलेलं नाही. 'मॅप ऑल' दाबलं, वाहिन्या दिसल्या, पुढे गेलो.

आता रडगाणं. बाबांचे सामने रेकॉर्ड होतात, पण निकाल लागायच्या ऐन वेळी रेकॉर्डिंग संपतं. शेवटी १० मिनिटं जादा ठेवलीत, तरी तेच. आईची ९ ची मालिका पूर्ण येते, पण मधेच चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि आवाज खरखरतो. वीज जाऊन आली की दोनपैकी एक ट्यूनर कधी कधी दिसतच नाही. आणि डिस्क भरली.

प्रोसेसर कमी पडतोय का? नवीन यंत्र घ्यावं का?

---

जुना सोल्डर, सोमवार, रात्री ११:१५

नवीन यंत्र घेऊ नका. आहे तेच जास्त आहे.

हा गैरसमज जुना आहे आणि त्याला कारणही आहे. अ‍ॅनालॉग काळात बीटी८७८ चिपची कार्डं असायची. ती उघडंनागडं चित्र मेमरीत ओतायची आणि दाबून लहान करायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात. पंखा विमानासारखा वाजायचा. मग पीव्हीआर-२५०, ३५० अशी कार्डं आली, ती स्वतःच एमपेग-२ बनवून द्यायची. त्यांचा आयव्हीटीव्ही ड्रायव्हर २००७ मध्ये २.६.२२ कर्नलमध्ये गेला, तोवर आम्ही दर कर्नलला हाताने कंपाइल करत बसायचो.

डिजिटलमध्ये दाबायचं काम प्रक्षेपण करणाऱ्याने आधीच केलेलं असतं. तुमच्याकडे येतात ते १८८ बाइटचे पुडके, प्रत्येकाच्या तोंडाशी ०x४७ हा ठरलेला बाइट. पुडक्यावर पीआयडी नावाचा क्रमांक असतो. हव्या त्या क्रमांकाचे पुडके उचलायचे आणि फाइलमध्ये टाकायचे, झालं रेकॉर्डिंग. चित्र उलगडायची गरजच नाही, त्यामुळे प्रोसेसर जवळजवळ झोपलेला असतो. टॉप चालवून बघा, टीव्हीहेडएंड किती खातंय ते.

म्हणजे मधला भाग सोपा आहे. भांडण दोन टोकांना असतं: अँटेनाकडून पुडके धड येतायत का, आणि कोणत्या क्षणी कोणता ट्यूनर कोणाला द्यायचा. तुमच्या चारपैकी दोन तक्रारी तर सरळ तिथल्याच.

अवांतर: १९९९ साली आलेला टिव्हो हा रेकॉर्डरही आतून लिनक्सवरच चालायचा. पण त्यात आपण बदललेलं सॉफ्टवेअर चालू नये अशी सोय करून ठेवलेली. २००७ च्या जीपीएल-३ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यात त्याविरुद्ध कलम आलं आणि त्या प्रकाराला 'टिव्होकरण' हे नाव चिकटलं.

---

बिनतारी, मंगळवार, सकाळी ७:५०

चौकोनांचं मी बघते. स्टेटस पानावर 'स्ट्रीम' आणि सिग्नलचे आकडे आहेत. 'स्ट्रेंग्थ'कडे दुर्लक्ष करा, तो आकडा बऱ्याच काड्यांमध्ये शोभेचा असतो. एसएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल, किती डीबी, आणि 'कंटिन्युइटी एरर' किती, एवढं सांगा. प्रत्येक पीआयडीच्या पुडक्यांवर ० ते १५ असा फिरता आकडा असतो. ७ नंतर एकदम १० आला की मधले दोन हरवले. हा एरर वाढत असेल तर डिस्क, कोडी, प्रोसेसर कोणालाही दोष देऊ नका, पुडके वाटेतच गळतायत.

आणि कृपया बूस्टर लावला असेल तर तो आहे हे आत्ताच कबूल करा. :)

---

रिमोट कुठेय, मंगळवार, रात्री ९:३०

बूस्टर आहे. पकडलंत. दोन महिन्यांपूर्वी लावला, तेव्हा टीव्हीवर एक वाहिनी अडखळायची म्हणून.

आकडे: पहिल्या दोन मक्सवर एसएनआर २४-२५ डीबी, एरर शून्य. तिसऱ्यावर (६९० मेगाहर्ट्झ, टी-२) दुपारी २२, संध्याकाळी १७-१८ आणि कधी त्याहून खाली. एरर तिथे धावत सुटलेत. आईची मालिका नेमकी याच मक्सवरच्या एचडी वाहिनीवर. सोल्डरकाका, टॉपमध्ये टीव्हीहेडएंड ३ टक्के दाखवतंय, म्हणजे तुमचं खरं.

---

बिनतारी, मंगळवार, रात्री १०:०५

दुपारी बरा, संध्याकाळी वाईट, आणि तोही सगळ्यांत वरच्या फ्रिक्वेन्सीचा मक्स. हा फोनचा वास आहे. बऱ्याच देशांत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा टीव्हीकडून काढून मोबाइलला दिलाय. त्यात ७०३ च्या वर हँडसेट बोलतात आणि ७५८ च्या वर टॉवर. तुमचा मक्स ६८६ ते ६९४ एवढी जागा व्यापतो, म्हणजे अगदी कुंपणाला लागून. संध्याकाळी माणसं घरी येतात, फोन बोलायला लागतात.

बूस्टरला टीव्ही कोणता आणि फोन कोणता हे कळत नाही. कुजबुज ऐकू येत नाही म्हणून भोंगा लावला, तर शेजारचं भांडणही भोंग्यातून येणार. त्यात बूस्टरची स्वतःची मर्यादा ओलांडली की तो नसलेले सिग्नल तयार करायला लागतो, आणि मग चांगले मक्सही बिघडतात. तुमच्याकडे तेवढं झालेलं नाही, नशीब.

दोन गोष्टी करा. एक दिवस बूस्टर काढून सरळ वायर जोडून बघा. आणि ६९४ च्या वरचं अडवणारा फिल्टर आणा, मोबाइलच्या सिग्नलसाठीचे तयार मिळतात. टी-२ वर २५६-क्यूएएम, म्हणजे माहिती दाटीने भरायची पद्धत, असेल तर २० डीबीच्या खाली रेकॉर्डिंगच्या भरवशावर राहू नका. डिजिटलमध्ये हळूहळू बिघडणं नसतं, कडा आली की कोसळतं.

अजून एक, यूएसबी काडी डब्याला थेट चिकटवली असेल तर छोट्या एक्सटेन्शन वायरने लांब करा. काडी तापते आणि डब्याचा गोंगाटही तिला सहन करावा लागतो.

---

निवांत कर्नल, बुधवार, रात्री १२:२०

गायब ट्यूनर माझ्याकडे द्या. डीमेसेज या कर्नलच्या नोंदींमध्ये काडीच्या ओळी बघा. बहुतेक 'फर्मवेअर' शब्द सापडेल. या काड्यांमधल्या डीमॉड्युलेटर, म्हणजे सिग्नलमधून पुडके काढणाऱ्या, चिपला स्वतःची कायमची स्मृती नसते. वीज मिळाली की ड्रायव्हर लिब फोल्डरातल्या फर्मवेअरमधून फाइल उचलून तिच्यात भरतो. साध्या रीस्टार्टमध्ये यूएसबीची वीज बहुतेक वेळा तुटत नाही, भरलेलं तसंच राहतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. वीज खरोखर गेली की पाटी कोरी. त्यामुळे तपासायचं असेल तर रीस्टार्ट करू नका, डबा बंद करून प्लग काढा आणि मग चालू करा.

फाइल नसेल तर डेबियनच्या नॉन-फ्री फर्मवेअर पॅकेजात बघा, तिथे नसेल तर लिनक्सटीव्हीच्या विकीवर तुमच्या चिपच्या नावाने शोधा. एसआय२१६८ असेल तर तिच्या आवृत्तीप्रमाणे फाइलचं नाव बदलतं, बी४० ला ए२० ची चालत नाही.

फाइल जागेवर असूनही असं होत असेल तर शर्यत आहे. टीव्हीहेडएंड आधी उठतं, काडी नंतर तयार होते. डेव्ह फोल्डरात डीव्हीबीच्या खाली अ‍ॅडॅप्टर० आणि अ‍ॅडॅप्टर१ दोन्ही येईपर्यंत टीव्हीहेडएंड थांबेल असं सिस्टमडीला, म्हणजे प्रोग्राम सुरू करणाऱ्या व्यवस्थेला, सांगा. गबाळा उपाय: सुरू होण्याआधी १५ सेकंदांची झोप. मी स्वतः गबाळा उपाय वापरतो, चार वर्षं झाली.

पुढे दुसरी काडी घेतलीत तर कोणाला ० आणि कोणाला १ हे दर वेळी बदलू शकतं. ड्रायव्हर वेगळे असतील तर मॉडप्रोबच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडॅप्टर क्रमांक ठरवून देता येतो.

---

गच्चीवरची, बुधवार, दुपारी १:१०

शेवट गायब होण्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि मला तर तोच खरा किस्सा वाटतोय. धागाकर्ते, त्या संध्याकाळी नेमकं काय काय रेकॉर्डिंगला लावलं होतं? सामना, मालिका, आणि तिसरं काही? प्रत्येकाची प्रायॉरिटी काय? आणि कोणती वाहिनी कोणत्या मक्सवर, हे बघून लिहा.

---

रिमोट कुठेय, बुधवार, रात्री ८:५५

सामना: मक्स १, नॉर्मल. संध्याकाळी ६ ते ९, अधिक १० मिनिटं.
जुने चित्रपट (हे माझं): मक्स २, हेही नॉर्मल. ७:३० ते १०.
मालिका: मक्स ३, ९ ते ९:३०, आधी २ मिनिटं. प्रायॉरिटी 'हाय', कारण ती चुकली तर घरात राहणं अवघड.

लिहितानाच डोक्यात काहीतरी पेटायला लागलंय.

---

गच्चीवरची, बुधवार, रात्री ९:२०

पेटू द्या. :)

८:५८ ला मालिकेला ट्यूनर हवा. दोन्ही ट्यूनर गुंतलेले. मालिकेचं वजन जास्त, म्हणून टीव्हीहेडएंडने नॉर्मलवाल्यांपैकी एकाच्या हातातून ट्यूनर काढून घेतला. सामन्याच्या. म्हणून तुमची १० मिनिटं कधी सुरूच झाली नाहीत. ती ६० केली असती तरी शेवट ८:५८ लाच झाला असता.

आता तुम्ही उडी मारून पुढे गेलात त्या चार पायऱ्यांकडे या. मक्स म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवरून येणारा अख्खा गठ्ठा, त्यात अनेक वाहिन्या कोंबलेल्या. ट्यूनर लागतो तो गठ्ठ्याला, वाहिनीला नव्हे. एकाच मक्सवरच्या पाच वाहिन्या एकाच ट्यूनरवर एकदम रेकॉर्ड होतात. दोन ट्यूनर म्हणजे दोन कार्यक्रम असं नसून दोन मक्स. तीन वेगळे मक्स मागितलेत की कोणीतरी उपाशी राहणार.

सर्व्हिस म्हणजे गठ्ठ्यातली एक वाहिनी, जशी हवेतून येते तशी. चॅनल म्हणजे तुम्ही तिला दिलेलं घर. आणि एका घरात दोन सर्व्हिस राहू शकतात! मालिकेची वाहिनी साध्या दर्जात दुसऱ्या कुठल्या मक्सवर येते का बघा. येत असेल तर दोन्ही सर्व्हिस एकाच चॅनलला जोडा. एका वाटेने ट्यूनर मिळाला नाही की ते दुसरी वाट धरतं.

---

रिमोट कुठेय, बुधवार, रात्री ९:४१

येते!! मक्स १ वर. सामन्याच्याच गठ्ठ्यात. म्हणजे दोन्ही एकाच ट्यूनरवर मावले असते आणि माझा चित्रपटही वाचला असता. दोन आठवडे बाबांची बोलणी खाल्ली ती कशासाठी.

---

जुना सोल्डर, बुधवार, रात्री १०:१८

गच्चीवरची यांना साष्टांग. एक भर: सामना लांबला तर काय? काही प्रक्षेपक ईआयटीमध्ये, म्हणजे पीआयडी १८ वरून येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत, 'आत्ता चालू' आणि 'पुढचा' ही नोंद ताजी ठेवतात. तुमच्याकडे ती खरी निघत असेल तर टीव्हीहेडएंडमध्ये ईपीजीच्या, म्हणजे याच कार्यक्रमपत्रिकेच्या, 'रनिंग स्टेट'वर रेकॉर्डिंग सोडता येतं. घड्याळ काहीही म्हणो, कार्यक्रम बदलला की थांबतं. पण आधी आठवडाभर नुसतं निरीक्षण करा. जिथे ही नोंद उशिरा बदलते किंवा बदलतच नाही, तिथे हा पर्याय जादा मिनिटांपेक्षा वाईट. मी सामन्यांना सरळ एक तास जादा देतो. त्याच मक्सवर असेल तर जादा वेळेला ट्यूनर फुकटच आहे.

---

पुढचं पाऊल, गुरुवार, सकाळी ११:००

इथे कोणी मिथटीव्ही या दुसऱ्या रेकॉर्डर सॉफ्टवेअरचं नाव काढत नाही म्हणून मी काढतो. २००२ पासूनचा प्रकल्प आहे आणि त्याचा वेळापत्रक लावणारा भाग अजूनही इतरांच्या पुढे वाटतो. दोन कार्यक्रम एकमेकांवर आले तर कोणाचं पुनःप्रक्षेपण आहे ते शोधून तो एकाला तिकडे ढकलतो, आणि काय चुकणार आहे ते आधी यादीत दाखवतो. टीव्हीहेडएंड प्रसंग आला की कोणाचा तरी गळा धरतं, हे तुम्ही बघितलंतच.

त्याची किंमत म्हणजे मारियाडीबी हा डेटाबेस सांभाळावा लागतो. ०.२६ पासून वेळा यूटीसीत साठवल्या जातात आणि डेटाबेसमध्ये टाइमझोनची कोष्टकं भरलेली असावी लागतात. मी ती पायरी गाळली आणि एक पूर्ण रविवार घालवला. माहितीपानावर ती ठळक लिहिलेली होती, वाचली नव्हती एवढंच.

---

निवांत कर्नल, गुरुवार, सकाळी ११:३२

+१ वेळापत्रकाला. पण नवख्या माणसाला मी टीव्हीहेडएंडच सांगेन. धागाकर्त्याचं आत्ता चालतंय, त्याला स्थलांतर सुचवू नका.

---

रिमोट कुठेय, गुरुवार, रात्री १०:०१

स्थलांतर नाही! काडीचं सांगतो: प्लग काढून बघितलं, फर्मवेअर जागेवर होतं, म्हणजे शर्यतच. १५ सेकंदांची झोप लावली, तीनदा प्लग काढला, तीनदा दोन्ही ट्यूनर हजर. डिस्कचं काय करू? एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रामने सगळं एचईव्हीसी या जास्त दाबणाऱ्या प्रकारात लहान करून ठेवावं म्हणतोय.

---

जुना सोल्डर, गुरुवार, रात्री १०:४०

दोन कोअरवर? तासाभराचं एचडी लहान व्हायला रात्र जाईल, आणि चित्र आधीच एकदा दाबलेलं, त्याला पुन्हा दाबून काय उरणार. गणित करा. ८ मेगाबिट प्रति सेकंदाची वाहिनी म्हणजे सेकंदाला १ मेगाबाइट, तासाला ३.६ जीबी. साध्या दर्जाची अडीच मेगाबिटची असेल तर तासाला १.१ जीबी. ५०० जीबी म्हणजे एचडीचे १३८ तास. एवढं न बघितलेलं साठलंय तर प्रश्न डिस्कचा नाही. रेकॉर्डिंग प्रोफाइलमध्ये 'इतके दिवस ठेवा' ही मर्यादा घाला. मालिकेला १४ दिवस पुरे.

लिहिण्याच्या वेगाची चिंता नको, चार एचडी एकदम लिहिली तरी सेकंदाला ४ मेगाबाइट, कुठलीही फिरती डिस्क ते करते. डिस्कवरची फाइलव्यवस्था ईएक्सटी४ ठेवा. ईएक्सटी३ च्या काळात मोठी फाइल पुसताना डिस्क एवढी अडकायची की चालू रेकॉर्डिंगला फटका बसायचा, म्हणून तेव्हा लोक एक्सएफएस सुचवायचे. तो सल्ला अजून फिरतोय, कारण नाहीसं झालं तरी.

कायम ठेवायचंच असेल ते टीएसमधून (पुडक्यांची मूळ फाइल) एमकेव्ही प्रकारच्या फाइलमध्ये नुसतं कॉपी करा, कोडेक (दाबायची पद्धत) न बदलता. मिनिटभराचं काम. चित्र इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) असेल तर तसंच राहू द्या, दाखवताना कोडी ते उलगडेल. एकदा चुकीचं डीइंटरलेस करून साठवलंत की परतीची वाट नाही.

---

गच्चीवरची, शुक्रवार, सकाळी ९:१५

जाहिरातींसाठी कॉमस्किप बघा. काळ्या चौकटी, शांतता, कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो गेला-आला, यावरून अंदाज बांधतं आणि ईडीएल ही जाहिरातींच्या वेळांची फाइल बनवतं. कोडी ती वाचून जाहिराती ओलांडतं. हे काम मात्र खरंच प्रोसेसर खातं, म्हणून रात्री २ ला लावा. आणि फक्त खुणा करा, फाइल कापू नका. माझ्याकडे एकदा त्याने लोगो नसलेला एक अख्खा स्वप्नदृश्याचा प्रसंग जाहिरात समजून उडवला होता.

---

वाचनमात्र, शुक्रवार, दुपारी ४:२५

वाचनखूण साठवली. एक शंका: पैसे भरून घेतलेल्या वाहिन्या अशा रेकॉर्ड होतील का? सेट-टॉप बॉक्सच्या एचडीएमआयमधून घेतलं तर?

---

बिनतारी, शुक्रवार, दुपारी ५:००

त्यांचे पुडके कुलूपबंद असतात, फाइल बनेल पण उघडणार नाही. कंपनी कुलूप उघडणारं अधिकृत कॅम मोड्यूल देत असेल तर त्यासाठी खाच असलेलं कार्ड लागतं. एचडीएमआयवर एचडीसीपी हे कॉपी रोखणारं कुलूप असतं. त्याला वळसा घालायच्या गोष्टी या धाग्यात नकोत, संपादक मंडळ कुलूप लावेल ते वेगळंच.

---

रिमोट कुठेय, रविवार, रात्री ११:१२

हालहवाल. काल सामना ४० मिनिटं लांबला, निकालासकट आला. त्याच वेळी मालिका मक्स १ वरून साध्या दर्जात आली, एकही चौकोन नाही. माझा चित्रपटही पूर्ण.

पण आईला एचडीच हवंय, चेहरे धुरकट दिसतात म्हणते. बूस्टर काढला तर मक्स २ सुद्धा १८ वर येतो, म्हणून परत लावला. फिल्टर आणून बसवला, तर मक्स ३ संध्याकाळी १८ वरून जेमतेम १९. बिनतारीताई, फिल्टर वाईट निघाला का?

---

बिनतारी, रविवार, रात्री ११:३०

बूस्टरच्या आधी लावलाय की नंतर?

---

रिमोट कुठेय, रविवार, रात्री ११:३३

नंतर. डब्याजवळ. बूस्टर वर छतावर आहे, रात्रीचं कोण चढणार.

---

बिनतारी, रविवार, रात्री ११:३६

उद्या उजेडात चढा. अँटेना, मग फिल्टर, मग बूस्टर.